शिपायांची स्मारके (भाग ५) : बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

मागच्या भागात आपण फ्रान्समधलं नव्ह शापेलचं स्मारक पाहिलं. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांचं थडगं सापडलं नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे कोरलेली आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. ते स्मारक १९२७ चं. ते उभारणाऱ्या, साम्राज्याच्या युद्धमृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश ‘वॉर ग्रेव्हज कमिशन’नेच दोन वर्षांनी, २७ मार्च १९२९ रोजी, इराकमधल्या बसऱ्याला दुसरं स्मारक खुलं केलं. तिथे मात्र नियम बदलला.

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेत मरण पावलेल्या आणि थडगं माहीत नसलेल्या ४०,५०० हून अधिक सैनिकांचं हे स्मारक. त्यातले बहुसंख्य भारतीय. पलटणीचं नाव, त्याखाली गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं, मग सुभेदार-जमादारांची. हवालदार, नाईक आणि शिपाई यांची नावं नाहीत. त्यांच्या जागी, या पलटणीचे आणखी इतके भारतीय सैनिक, एवढाच आकडा. ब्रिटिश पलटणींतल्या साध्या सैनिकाचं नाव मात्र त्याच स्मारकावर आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट लागायला हवी, कारण या मोहिमेचा पहिला भार उचलला तो सहाव्या, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजनने. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. १९१५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यातले लोक बसऱ्याजवळच्या शैबाला लढले, वर्षअखेरीस बगदादच्या वाटेवरून माघार घेत कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकले. अन्न संपलं, सुटकेसाठी आलेल्या फौजा पोचू शकल्या नाहीत, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यानंतरची वाळवंटातली पायपीट आणि तुर्कांची कैद यांत हजारो गेले. त्यांना कुठे पुरलं, कुठे टाकलं, कोण सांगणार? म्हणजे ज्यांच्यासाठी भिंतीवरचं नाव ही एकमेव खूण उरली होती, नेमकं त्यांचंच नाव वगळलं गेलं.

माहिती नव्हती म्हणून हे झालं, असं मुळीच नाही. नावं लष्कराच्या कागदांत होती, नोंदवह्यांतही उतरली. मरणात हुद्दा आणि वंश यांचा भेद करायचा नाही, हे कमिशनचं स्वतःचं तत्त्व. युरोपात ते बहुतांशी पाळलं गेलं. आशिया-आफ्रिकेत गुंडाळून ठेवलं गेलं. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने अहवालात ते कबूल केलं आणि मुळाशी त्या काळचा साम्राज्यवादी वंशभेद होता, असं लिहिलं. निदान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचं नावानिशी किंवा मुळीच स्मरण झालं नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

तो काळच तसा होता, ही सबब मला पटत नाही. १८२१ मध्ये पायाभरणी झालेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ईस्ट इंडिया कंपनीनेही आपल्या शिपायांची नावं कोरली होती. शंभर वर्षांनंतर तेवढंही जमू नये?

१९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने हे स्मारक बसऱ्याच्या गोदीजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर अंतरावर पुन्हा उभं केलं गेलं. आकडे तसेच गेले.

आज कमिशनच्या नोंदवह्यांमधली ही नावं कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येतात. पणजोबा मेसोपोटेमियात गेले आणि परतले नाहीत, एवढंच ज्या घरांत ठाऊक आहे, त्यांनी हे जरूर करावं. आडनावावर भिस्त ठेवू नका. अनेक नोंदींत ते नसतंच, आणि कारकुनाने इंग्रजीत नाव कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं. पलटणीचा क्रमांक, वडिलांचं नाव, गाव आणि तालुका यांवरून जुळवत जा, आणि जिल्हा पुणे असेल तर ‘पूना’ असं जुन्या स्पेलिंगनेच शोधा.