जुलाब, पाणी आणि आपली समजूत



मी बालविभागात नर्स होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. वस्तीतली एक आई ८ महिन्यांचं बाळ घेऊन आली. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रडत होतं पण डोळ्यांत पाणी नाही. दोन दिवस जुलाब चालू होते. पाणी किती पाजलं विचारलं, तर आई म्हणाली, "सिस्टर, पाणी बंदच केलंय. पाजलं की लगेच जुलाब होतो." आजीने टाळू बसली म्हणून टाळूवर तेल भरलं होतं.

त्या घरात माया कमी नव्हती. दोघी रात्रभर जागल्या होत्या. पण समजूत चुकीची होती, म्हणून वागणं चुकलं. ते बाळ वाचलं. त्याच आठवड्यात तशाच अवस्थेत आलेलं दुसरं बाळ मात्र वाचलं नाही.

ही समजूत वेडेपणातून आलेली नाही. पोटात काही गेलं की आतडी हलतात आणि आधीच साठलेला जुलाब बाहेर पडतो. बघणाऱ्याला वाटतं, आत्ता पाजलेलं पाणीच निघून गेलं. टाळूचंही तसंच. अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते. तो आजार नव्हे, आजाराची खूण आहे. तेल टाळूवर, पण तहान पोटात!

जुलाब चालू असतानाही आतड्याचा एक दरवाजा उघडा असतो. साखर आणि मीठ बरोबर आले की आतडं ते शोषून घेतं आणि त्यांच्यामागून पाणी रक्तात जातं. ओआरएसचं काम एवढंच.

शिकलेल्यांच्याही समजुती असतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बहुतेक डॉक्टर तेव्हा सलाईनवरच भरवसा ठेवत. बनगाव इथं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण चारच्या आत आलं. तरी आजही आपल्याकडे "सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही" म्हणून हजार रुपये घालवतात, आणि आशाताईंनी फुकट दिलेलं पाकीट फळीवर पडून राहतं.

घरी काय करायचं?

● ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धं अर्धं करू नका. वरून साखर घालू नका. २४ तासांत संपवा, उरलेलं ओतून द्या.
● प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा.
● अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका.
● झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं, शौचात रक्त दिसलं, सहा तास लघवी झाली नाही किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसली, तर घरी थांबू नका. दवाखाना गाठा. वाटेतही चमचा चालू ठेवा.

वस्तीत काम करताना एक शिकले. सासूबाईंना "तुमचं चुकलं" म्हटलं की त्या ऐकत नाहीत. मी वाटी-चमचा त्यांच्याच हातात देते आणि म्हणते, "आजी, तुम्हीच पाजा, आणि संध्याकाळपर्यंत बाळाकडे बघा." ओठ ओले होतात, बाळ लघवी करतं, नजर उचलून बघू लागतं. मग समजूत आपोआप बदलते. परंपरेने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असं तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. मीही तेच सांगते. माझ्यावरही आंधळा विश्वास नको. पाकीट आणून ठेवा आणि वेळ आली की पारखून बघा.