राळ चालते, चिकट लेप नाही

सॉफ्टबॉलमध्ये पिचरला घामेजले हात कोरडे करायला राळेची भुकटी वापरता येते, तीही पंचांच्या नजरेखाली. चेंडूवर मात्र काहीही लावता येत नाही. बोटं चाटली, तर चेंडू धरण्याआधी ती पुसावी लागतात. राळेनेही पकड वाढतेच, मग चिकट लेपावरच राग का? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण राळ घामाने गेलेली पकड परत देते, लेप जादा फिरकी देतो. महिलांच्या सामन्यात पिचिंगचं अंतर जेमतेम ४३ फूट. हातून निसटलेला चेंडू बॅटरला लागू शकतो, म्हणून राळेची मुभा रास्तच. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये अशा लेपावरची बंदी जुनीच होती, अंमल ढिला; जून २०२१पासून पंच झडती घेऊ लागले, दोषी पिचर दहा सामने बाहेर. सॉफ्टबॉलच्या पंचांनीही ग्लोव्ह तपासायला संकोचू नये.