श्वासाने पकडलेला डास

डास पकडायची एक जुनी, अजूनही वापरात असलेली रीत म्हणजे त्याला श्वासाने ओढून घेणं. हातात काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी तोंडात, आणि मध्ये बारीक जाळी, डास घशात जाऊ नये म्हणून. भातखाचरांत वाढणारे, जपानी मेंदूज्वर पसरवणारे क्युलेक्स डास गुरांना चावतात आणि गोठ्यातच विसावतात. म्हणून दिवस मावळला की कीटकतज्ज्ञ टॉर्च घेऊन गोठ्यात शिरतात. भिंतीवरच्या डासाशी नळी अलगद नेऊन एक छोटासा श्वास ओढायचा, की डास आत. मग पुढचा. गावात कुणी तापाने फणफणण्याआधी इथल्या डासांच्या अंगात काय फिरतंय ते कळावं, यासाठी ही सगळी धडपड.

असं आधी कळू शकतं का? युगांडात झिका नावाचं जंगल आहे. तिथे 1947 साली संशोधकांनी पहाऱ्यासाठी ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात नवा विषाणू सापडला आणि पुढच्याच वर्षी त्याच जंगलातल्या डासांमध्येही. ब्राझीलमधल्या साथीमुळे ‘झिका’ हे नाव घरोघरी पोचलं, ते 2015 नंतर. डासांनी खबर कधीच देऊन ठेवली होती.

पकडलेले डास गारठवून, थंड पाटावर पसरून निवडतात. जात वेगळी, गाव वेगळं, नर वेगळे, माद्या वेगळ्या. नुकतंच रक्त प्यायलेली मादी बाजूला काढतात, कारण तिच्या पोटातला विषाणू तिचा स्वतःचा, की ज्याला ती चावली त्याच्या रक्तातला, हे सांगता येत नाही. नर तर चावतच नाही, फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो. तरी त्यालाही तपासतात. कारण नराच्या अंगात डेंग्यूचा विषाणू निघाला, तर तो आईकडून अंड्यातूनच आलेला असणार. आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे उन्हाळ्यात ठणठणीत कोरड्या पिंपाच्या कडेला विषाणू पुढच्या पावसाची वाट पाहत बसलेला असू शकतो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरातल्या कुंड्यांखालच्या बशा उचलून घासून आले.

विषाणू असलेला डास बहुधा शेकड्यांत किंवा हजारांत एखादा. एकेक तपासणं परवडत नाही, म्हणून पन्नासपर्यंत डासांचा एक गट करून तो एकत्र वाटतात. आरटी-पीसीआरने विषाणूच्या जनुकांचा माग काही तासांत लागतो. पण तो विषाणू जिवंत आहे का, नवा असेल तर कसा आहे, हे कळायला तो वाढवावा लागतो, आणि विषाणू वाढतो फक्त जिवंत पेशीत. त्यासाठी पूर्वी वाटलेले डास नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत टोचत.

इथे ही गोष्ट पुण्यात येते. आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) म्हणून ओळखली जाणारी संस्था 1952 साली ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झाली. तिथे के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्यांच्या पेशी बाटलीत जगवल्या. नुसत्या जगवल्या नाहीत, त्या दुपटीने वाढत राहिल्या. हे 1967 मधलं काम. पुढे 1978 साली जपानी संशोधक अकिरा इगाराशी यांनी त्यातून एक खास वाण निवडला, सी6/36. त्यात डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू फार जोमाने वाढतात. त्याचं कारण कळायला 2010 उजाडावं लागलं. डासाच्या पेशीत विषाणूच्या जनुकांचे तुकडे करणारी एक कात्री असते, डायसर-2 नावाचं विकर. या वाणात नेमकी तीच मोडलेली आहे. डासांतले विषाणू शोधणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही या पेशी वाढतात. पुण्यातल्या त्या अळ्यांचा वंश अजून थांबलेला नाही, याचं मला विलक्षण अप्रूप वाटतं.

तरी एक पेच उरतोच. वाटलेल्या डासात विषाणू सापडला म्हणजे तो डास रोग देणारच, असं नाही. पोटात गेलेल्या विषाणूला आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथींपर्यंत पोचावं लागतं. डेंग्यूच्या विषाणूला या प्रवासाला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, आणि तेवढं आयुष्य प्रत्येक डासाला मिळत नाही. मग तपासायला हवी ती लाळ. पण डासाला थुंकायला लावणार कसं?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2010 साली त्याची युक्ती मांडली. सापळ्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे आपल्या उच्छ्वासातलाच वायू. त्या मागावर माद्या येतात. आत रसायन मुरवलेलं एक जाड कार्ड असतं, त्यावर मध लावलेला. मादी सोंड टेकवून मध चाखते आणि चाखता चाखता लाळ सोडते. कार्डावरचं रसायन विषाणूला मारतं, पण त्याची जनुकं जपून ठेवतं. नमुना गार राखायला बर्फ नको, द्रव नायट्रोजनचे जड डबे नकोत. आठवड्याने कुणीतरी येऊन कार्ड काढतं, पाकिटात घालतं आणि टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवून देतं.