गोणपाटातून उमटलेली चित्रकला

दक्षिण कोरियात ग्वाचॉन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात २०१२ साली एक मोठे सामूहिक चित्रप्रदर्शन भरले होते. त्याचे नाव 'दानसेकह्वा', म्हणजे एका रंगाची चित्रे. या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, डोंगर नाही. लांबून पाहावे तर पांढरा, राखाडी किंवा मातकट रंगाचा मोठा तुकडा तेवढा दिसतो. आपल्यापैकी कोणी तिथे गेला असता तर सहज म्हणाला असता, "भिंतीला चुना मारल्यासारखे दिसते, यात चित्र ते कुठले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही समजून घेण्यासारखे आहे, कारण ते हाताने काम करणाऱ्या माणसांशी जोडलेले आहे.

ही चित्रे ज्या पिढीने काढली तिने काय भोगले ते आधी पाहू. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. पुढे १९५० ते १९५३ या युद्धात देशाची राखरांगोळी झाली आणि त्याचे दोन तुकडे कायम झाले. १९६१ पासून दक्षिण कोरियावर लष्करशहा पार्क चुंग-ही यांची सत्ता आली. १९७२ साली नवी घटना आणून त्यांनी सर्व सूत्रे आपल्या हाती घेतली. अशा दिवसांत, १९७५ साली, टोकियो गॅलरी या जपानमधील कलादालनात पाच कोरियन चित्रकारांचे प्रदर्शन भरले. क्वोन यंग-वू, पार्क सो-बो, सो सुंग-वोन, हो ह्वांग आणि ली दोंग-योप हे ते पाच. प्रदर्शनाचे नाव होते 'पाच चित्रकार, पाच पांढरे'. पांढरा रंग एकच असतो असे आपण धरून चालतो. तो पाच तऱ्हांचा असू शकतो, हे त्यांना दाखवायचे होते.

आता त्यांचे साहित्य पाहा. या चळवळीतील हा चोंग-ह्यून यांनी चित्रासाठी चक्क गोणपाट घेतले. युद्धानंतर परदेशी मदतीचे धान्य पोत्यांतून येई, त्यामुळे गोणपाट ही कोरियात घरोघरची ओळखीची वस्तू होती. १९७४ पासून त्यांनी वेगळीच रीत काढली. रंग समोरून लावायचा नाही, गोणपाटाच्या मागच्या बाजूने दाबून ढकलायचा. सैल विणीतून रंग थेंबाथेंबाने पुढे येतो, मग त्यावर पुढून काम करायचे. चित्रात रंगाइतकेच काम गोणपाटाच्या विणीचे असते. बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या आपल्या माथाडी बांधवाला हे समजावून सांगावे लागणार नाही. पोते कुठे विरळ असते आणि कुठून गळते, ते त्याची पाठ जाणते.

क्वोन यंग-वू यांचे शिक्षण शाईच्या पारंपरिक चित्रकलेत झाले होते. त्यांनी शाई आणि कुंचला बाजूला ठेवला आणि फक्त कागद ठेवला. हा कोरियाचा हांजी कागद. तुतीच्या जातीच्या एका झाडाची साल राखेच्या पाण्यात उकळून, कुटून, तिचा लगदा पाण्यात कालवून चाळणीवर उचलतात. या कागदाचे थरावर थर देऊन क्वोन तो नखाने ओरखडत, भोके पाडत, फाडत. त्यातून पडणारी सावली हेच चित्र.

पार्क सो-बो यांची गोष्ट तर घरातलीच आहे. १९६७ च्या सुमारास त्यांचा तीन वर्षांचा मुलगा मोठ्या भावाची चौकटींची वही घेऊन अक्षर गिरवत होता. अक्षर चौकटीत बसेना. तो खोडी, पुन्हा लिही, कागद चुरगळला. शेवटी चिडून त्याने सगळ्या पानावर रेघोट्या मारल्या. आपल्या घरी असे झाले तर वहीची नासाडी केली म्हणून पोराला धपाटा बसेल. बापाने मात्र ती रेघोटी निरखून पाहिली. तेव्हापासून ते कॅनव्हासवर पांढऱ्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच पेन्सिलीने रेघा ओढत, पुन्हा थर देत, पुन्हा रेघा. तासन्‌तास तेच काम. या कामाची तुलना त्यांनी स्वतः भिक्खूच्या मंत्रपठणाशी केली. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

मग अशा चित्रात पाहायचे काय? लांबून पाहिल्यावर दोन पावले पुढे जावे. मग रेघ दिसते, धागा दिसतो, हाताचा दाब कुठे कमी झाला तेही दिसते. बाजूला सरकले की उजेड बदलतो आणि तोच पांढरा रंग निराळा भासतो. आपली नजर सवयीने वस्तूला नाव देते आणि पुढे जाते. पोते म्हटले, संपले. कागद म्हटला, संपला. ही चित्रे त्या घाईला थांबवतात. सम्यक स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या उपासक-उपासिकांना हे नवीन वाटू नये. हे सगळे चित्रकार बौद्ध होते असे आमचे म्हणणे नाही; थांबून, लक्ष देऊन पाहण्याची शिस्त तेवढी सारखी आहे.

पण इथेच थांबलो तर अर्धेच पाहिले असे होईल. त्या सुंदर हांजी कागदामागे कोणाचे हात होते? जोसॉन राजवटीत (१३९२ ते १९१०) कन्फ्यूशियन विचारांच्या सत्ताधाऱ्यांनी बौद्ध धम्म दडपला. भिक्खूंना राजधानीत येण्याची बंदी होती, ती १८९५ साली उठली. विहारांवर कागद तयार करून सरकारात भरण्याची सक्ती होती. आणि ज्यांच्या कागदावर राज्यकारभार चाले, त्या भिक्खूंची गणना आठ हीन वर्गांत होई. त्याच यादीत 'बेकजॉंग' होते. खाटीककाम, कातडे कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे, आणि वस्ती गावाबाहेर. १८९४ च्या सुधारणांनी हा भेद कायद्याने संपवला, समाजाने मात्र संपवला नाही. म्हणून महाडच्या सत्याग्रहाच्या चार वर्षे आधी, १९२३ साली, चिंजू शहरात बेकजॉंगांच्या हक्कांसाठी 'ह्यॉंगप्यॉंगसा' ही संघटना उभी राहिली. तिच्या नावात खाटकाचा तराजू आहे, आणि त्याचा अर्थ समतोल, समता. वस्तूला किंमत आणि वस्तू घडवणाऱ्याला विटाळ, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

कोरियातच या एकरंगी चित्रांवर टीका झाली. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने लोकशाहीसाठी उठलेल्या नागरिकांना गोळ्या घातल्या. त्या दशकातील 'मिनजुंग', म्हणजे जनतेच्या कलेच्या चित्रकारांनी खडा सवाल केला : देशात दडपशाही चालू असताना तुमचा पांढरा रंग गप्प का होता? ओ युन यांच्यासारख्यांनी लाकडी ठसे कोरून कष्टकऱ्यांची चित्रे छापली. मोर्चांत मोठमोठे चित्रफलक फडकले. आम्हाला हा सवाल योग्य वाटतो. दुसरी बाजूही मात्र सांगितली पाहिजे. एकरंगी चित्रकारांतील युन ह्योंग-कुन १९५० साली गोळ्या घालून मारले जाण्यापासून थोडक्यात वाचले होते. १९७३ साली, शाळेत शिक्षक असताना, वशिल्याने झालेल्या एका प्रवेशाला त्यांनी हरकत घेतली आणि तुरुंगवास भोगला. सुटून आल्यावर त्यांच्या चित्रांतून उजळ रंग गेले. निळा आणि मातकट रंग मिसळून होणारे काळेभोर खांब तेवढे उरले. प्रत्येक मौन भेकडाचे नसते.

आणखी एक उणीव नजरेत भरते. १९७५ च्या त्या पाचांत एकही बाई नव्हती. ती जागा पुढच्या पिढीत किम सू-जा यांनी घेतली. १९८३ साली आईबरोबर पांघरूण शिवताना त्यांना सुईदोऱ्यातच आपली कला सापडली. पुढे जुन्या चादरी आणि वापरलेले कपडे यांची बोचकी बांधून त्यांनी प्रदर्शनात मांडली. १९९७ साली अशा बोचक्यांनी भरलेल्या ट्रकवर बसून त्यांनी कोरियात प्रवास केला. ज्यांना घर सोडावे लागले त्या सगळ्यांचे ते बोचके होते. याच किमबाईंनी २००७-०८ मध्ये आपल्या मुंबईतील धोबीघाट, वस्त्या आणि लोकलगाड्यांवर चित्रफीत केली. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वाचकहो, कला ही शिकल्या-सवरलेल्या श्रीमंतांची मिरास आहे, हा समज आपण टाकून दिला पाहिजे. गोणपाट, लगदा, सुई आणि जुने कापड यांची खरी पारख आपल्या घरात आहे. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर कलादालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन जावे. चित्र कळले नाही तर लाजू नये. हे कशाचे केले, कोणाच्या हाताने केले आणि त्या हाताला काय मिळाले, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि घरी पोराने वहीत रेघोट्या मारल्या, तर धपाटा घालण्याआधी एकदा त्या नीट पाहाव्यात.