तलंगा अंड्यावर येण्याआधी खोकी मांडा



पावसाळ्याच्या तोंडाला ज्यांनी गिरिराज, वनराज किंवा गावरान पिल्लं घेतली, त्यांच्या तलंगा दिवाळीच्या पुढेमागे अंड्यावर येतात. संकलनाला येणाऱ्या अंड्यांत या दिवसांत मळकी, तडकलेली अंडी जास्त असतात. शिवाय कितीतरी अंडी आपल्याला सापडतच नाहीत. कडब्याच्या गंजीमागे, सरपणात, गोठ्याच्या कोपऱ्यात घातलेलं अंडं मुंगसाचं, कावळ्याचं नाहीतर कुत्र्याचं. समजा पन्नास पक्ष्यांमागे रोज चार अंडी अशी गेली आणि अंड्याला दहा रुपये धरले, तरी महिन्याला बाराशे रुपये झाले. खाद्य मात्र तेवढंच लागतं.

तलंग पहिली काही अंडी जिथे घालते, ती जागा तिच्या डोक्यात बसते. नंतर तिला तिथून हलवणं फार जिकिरीचं. म्हणून खोकी पहिल्या अंड्यानंतर नाही, त्याच्या दोन-तीन आठवडे आधी खुराड्यात हवीत. जातीप्रमाणे पाच-सहा महिन्यांच्या आसपास पक्षी अंड्यावर येतो, पण वयापेक्षा लक्षणं बघा. तुरा लाल आणि मोठा होतो, पाठीवर हात ठेवला की तलंग पंख किंचित पसरून खाली बसते आणि कोपरे-कोनाडे हुंगत, बारीक आवाज काढत फिरायला लागते. ती जागाच शोधत असते. तिला हवी अंधारी, आडोशाची, मऊ आणि वर्दळ नसलेली जागा. आपलं खोकं तसं असेल तर ती आपणहून जाईल.

नवीन खोकं विकत घ्यायची गरज नाही. टोमॅटोचं जुनं क्रेट आडवं ठेवून वर आणि बाजूंना गोणपाट लावलं तरी चालतं. लाकडी करणार असाल तर लांबी, रुंदी, उंची साधारण फूटभर. गिरिराजसारख्या थोराड पक्ष्याला दोन इंच जास्त द्या. तोंडाला खाली चार-पाच इंचांची पट्टी हवी, नाहीतर भुसा आणि अंडी दोन्ही बाहेर येतात. आत तीन-चार इंच कोरडं साळीचं तूस, लाकडाचा भुसा किंवा वाळलं गवत. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. जमिनीपासून फूट-दीड फुटावर, खुराड्याच्या सगळ्यात अंधाऱ्या बाजूला ठेवा. वरचं छप्पर उतरतं असावं, सपाट असलं की त्यावर बसून घाण करतात.

आत एक खोटं अंडं ठेवा. पांढरी गुळगुळीत गारगोटी चालते, प्लास्टर ऑफ पॅरिसचं अंडंही चालतं. इथे कुणीतरी आधी घातलंय, जागा सुरक्षित आहे, असं तलंगेला वाटतं. खरं अंडं ठेवू नका. ते फुटलं आणि एकदा चव लागली की अंडी खायची खोड लागते, ती मोडणं अवघड.

आपल्या आज्या सकाळी कोंबडी चाचपून अंडं आहे का बघायच्या आणि असेल तिला डालग्याखाली कोंडायच्या. पाच-सहा कोंबड्यांना हे बरोबर, पन्नासांना कुठे चाचपत बसणार? पण त्यातलं मर्म घ्या. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडं घालतात. म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे सकाळी दहा-साडेदहापर्यंत सगळ्यांना खुराड्यातच ठेवा, दाणापाणी आतच द्या आणि मग सोडा. एवढं एक केलंत तरी निम्मं काम झालं.

तरीही काही अंडी खाली पडतीलच. ती लगेच उचला. खाली अंडं दिसलं की दुसरी तिथेच बसते. सकाळी दोन-तीन फेऱ्या मारा. कोपऱ्यात बसलेली दिसली तर ओरडू नका, झाडू तर अजिबात उगारू नका. दोन्ही हातांनी अलगद उचलून खोक्यात ठेवा. त्या कोपऱ्यात दगड-विटा रचून जागा बुजवा किंवा तिथे उजेड येऊ द्या.

खोक्यात झोपायची सवय लागली तर रात्रभराची विष्ठा आत आणि सकाळची अंडी त्याच घाणीत. म्हणून झोपायच्या दांड्या खोक्यांपेक्षा उंच बांधा, कारण कोंबडी रात्री वर चढते. तरी ऐकत नसतील तर अंधार पडताना खोक्यांना गोणपाट लावून तोंड बंद करा आणि पहाटे उजाडायच्या आत काढा. हे काढायचं विसरलं की सगळी अंडी जमिनीवर, तेव्हा घरातल्या एकाच माणसाकडे ते काम द्या.

खोक्यात जाणाऱ्या कोंबड्या अचानक जायच्या बंद झाल्या तर रात्री बॅटरी घेऊन खोक्याच्या फटी बघा. बारीक लालसर-करडे किडे दिसले तर तेच कारण. सगळा भुसा काढून जाळा, खोकी कडक उन्हात ठेवा, औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच मारा. खुडूक कोंबडी खोकं अडवून बसली असेल तर तिला उबवायला बसवा, नाहीतर तीन-चार दिवस वेगळी ठेवा.

पातळ कवचाचं अंडं चांगल्या खोक्यातही फुटतं. अंडी सुरू झाली की शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या खातात.

संकलनाला अंडी धुऊन आणू नका. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि अंडं लवकर खराब होतं. थोडा डाग असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. जास्त मळलेली घरात आधी वापरा.

कुणाचं खोकं तयार असेल त्यांनी ग्रुपवर फोटो टाका, आतून आणि बाहेरून दोन्ही.