आकड्यांचे शास्त्र आणि दासगावचा डोंगर

विद्यापीठांतून अलीकडे ‘डेटा सायन्स’ या विषयाचा मोठा बोलबाला आहे. विद्यार्थी त्याकडे ओढले जातात ते मुख्यतः पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांतील पगाराकडे पाहून. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण हा विषय परका आणि कालचा आहे, ही समजूत मात्र खरी नव्हे. पुणे विद्यापीठात प्रा. हुजूरबाजार यांनी १९५३ साली या अध्ययनाचा पाया घातला, पां. वा. सुखात्मे यांनी नमुना पाहणीचे शास्त्र शेतातल्या उभ्या पिकापर्यंत नेले. नवा आहे तो संगणकाचा वेग आणि आकड्यांचे चित्र काढण्याची सोय.

हे चित्र कशासाठी काढावयाचे, हे महाड तालुक्यातील दासगावात कळते. २००५ च्या जुलैअखेरीस दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, तळिये गाडले गेले आणि महाड शहर पाण्याखाली गेले.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरी. तेथला पाऊस सातारा जिल्ह्याच्या दप्तरात नोंदला जातो, पाणी मात्र रायगडात उतरते. खाली दासगावपाशी खाडी आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून निघाले, ते बोटीने याच बंदरात उतरले. भरती ऐन वेळी आली तर पुराला वाट मिळत नाही. भरतीचे वेळापत्रक तिसऱ्याच खात्याकडे! प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा असतो. परंतु वरचा पाऊस, महाडची पाणीपातळी आणि भरती या तीन रेषा एकाच कागदावर, एकाच घड्याळानुसार आखल्याखेरीज हाताशी किती तास आहेत, हे कोणालाच सांगता येणार नाही.

दरडीचे गणित याहून अवघड. पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला, चोवीस तासांची म्हणून होते. तीन तासांत कोसळलेला पाऊस आणि दिवसभर रिपरिपलेला पाऊस त्या बेरजेत सारखेच दिसतात. शिवाय डोंगर तालुक्याच्या सरासरीने खचत नाही. आधीच्या आठवड्यात मुरलेले पाणी, उताराचा कोन, मातीची जाडी आणि पायथ्याची घरे हे सारे एका नकाशावर आले पाहिजे. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू नकाशावर घरागणिक मांडले, तेव्हा ते एका पंपाभोवती दाटलेले दिसले. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. कोण कोठे मेले याची नीट नोंद होती.

आपल्याकडे नवख्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा टायटॅनिक बोटीच्या उतारूंची यादी दिली जाते. ती स्वच्छ असते, तिचे उत्तरही ठरलेले असते. लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ दासगावपासून फार दूर नाही. तेथल्या मुलांनी तलाठ्याची पाऊसनोंद, गळालेल्या तारखांसह, जुळवावयास घेतली तर एका सत्रात यंत्रापेक्षा दप्तराची ओळख अधिक होईल. ते शिक्षण कमी प्रतीचे समजण्याचे कारण नाही. मात्र निघालेला आलेख केवळ परीक्षकासाठी नसावा. भर पावसात, वीज गेलेली असताना, वाडीतल्या पोलीस पाटलाला तो बॅटरीच्या उजेडात वाचता आला पाहिजे, आणि वाचून कोणती घरे आधी उठवावयाची हे ठरवता आले पाहिजे.