हापशापासून ताळेबंदापर्यंत

1972 च्या दुष्काळाबद्दल जुनी माणसं बोलू लागली की खडी फोडण्याचं काम निघतं, सुकडी निघते. त्याच काळात गावाच्या भुईला पहिल्यांदा खोल छिद्रं पडली, ही गोष्ट मात्र मागे राहते. युनिसेफच्या मदतीने आलेली, दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं काळा पाषाण भेदू लागली. आड आटला तरी हापशाला पाणी येत राहिलं. सोलापूरला घडलेल्या हातपंपाच्या रचनेवरूनच पुढे ‘इंडिया मार्क-2’ तयार झाला आणि देशभर पोचला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभारली. गावाचा प्रश्न तेव्हा एकच होता: पाणी कुठे लागेल? पाणाड्या सांगायचा तिथे आता भूवैज्ञानिक नकाशा घेऊन येऊ लागला. पुढे निरीक्षण विहिरी ठरल्या. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजली जाऊ लागली. त्या नोंदींवरून एकेक पाणलोट सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित, हे ठरू लागलं. वर्षाला मुरणाऱ्या पाण्याच्या 70 टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट सुरक्षित, 100 टक्क्यांच्या पुढे गेला तर अतिशोषित.

या मोजणीने एक कटू सत्य हाती दिलं. राज्याची सुमारे 80 टक्के भूमी बेसाल्टची आहे आणि हा खडक फार थोडं पाणी धरतो. झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातही मोकळं होणारं पाणी साधारण दोन टक्केच. म्हणजे एक हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली, तर हाती येतं दोन लाख लिटर. माणशी 55 लिटर धरले तर हजार वस्तीच्या गावाला ते चार दिवसही पुरत नाही. त्याच हेक्टरवरच्या पिकाला पाच सेंटीमीटरची एकच पाळी द्यायची म्हटली, तर जमिनीखालची पातळी अडीच मीटर उतरते. उसाला अशा किती पाळ्या लागतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

गुणवत्तेची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरायचा. पिण्यासाठी झाकलेला हापसा आला, लोकांनी पाणी गाळून घेतलं, आरोग्य कर्मचारी गावोगाव फिरले आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हे यश मोठं आहे. पण बोअर जसजशी खाली गेली, तसतसं खडकात दीर्घकाळ मुरलेलं पाणी वर येऊ लागलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत त्यात फ्लोराइड निघालं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्यांची हाडं आखडतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर आधीपासूनच खारा. उथळ विहिरींत खतांतून, शोषखड्ड्यांतून नायट्रेट झिरपू लागलं. पाणी उकळलं तरी ते जात नाही. पाणी किती आहे आणि कसं आहे, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिल्याचं उत्तर खोलीत शोधलं, तेव्हा अनेक ठिकाणी दुसरा उभा राहिला.

कायदेही झाले. 1993 च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताला 500 मीटरचं संरक्षण दिलं. 2014 पासून लागू झालेल्या कायद्याने शेती व उद्योगासाठी 60 मीटरहून खोल विहिरींना मनाई केली. तरीही अनेक शिवारांत बोअर शेकडो फूट खाली गेल्या. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

उलट उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणलोटाची कामं केली. पण गावाचं वेगळेपण त्यापुढे आहे. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात बसतील तीच पिकं घ्यायची. शेतीसाठी बोअर नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. तिथली मोजणी निर्णयापर्यंत पोचली.

2019 नंतर जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणायचं ठरवलं. गावातल्या महिलांना तपासणी संच मिळू लागले. तपासणीत पाण्याचा रंग बदलताना त्या स्वतः पाहतात. गावातच होणारी ही तपासणी मला फार मोलाची वाटते. पण नळाच्या टोकाला अनेक गावांत तीच विहीर आहे, तोच थोडं पाणी धरणारा खडक आहे.

पन्नास वर्षांत आपण मोजायला शिकलो. आता ऑक्टोबरची नोंद रब्बीची पेरणी ठरण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे, फ्लोराइड आणि नायट्रेटच्या आकड्यांसह. चाड्यावर मूठ पडण्याआधी कळलेला आकडा पीक बदलू शकतो. मे महिन्यात कळला, तर टँकरची मागणी करण्यापलीकडे गावाच्या हातात काही उरत नाही.